सेलू ते बेगमपुरा : लेकीसाठी बॅग निवडताना

माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात एम.एस्सी. करते. बेगमपुऱ्यात तिघीजणींनी मिळून रूम घेतलीय, स्वयंपाक त्या स्वतःच करतात. जमेल त्या शनिवारी संध्याकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं ती परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूला येते आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीनं परत जाते. गाडी हुकली तर एसटी. येताना बॅगेत धुवायचे कपडे, लॅपटॉप, वह्या. जाताना तेच कपडे धुऊन, लॅपटॉप, वह्या आणि वर आठवड्याचा शिधा: ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची नि जवसाची चटणी, येसर (आमटीचा भाजका मसाला), लोणचं, घरी कढवलेलं तूप, दोन दिवस टिकतील असे धपाटे.

दुकानात ‘वीकेंड बॅग’ म्हणून जी दाखवतात ती दोन दिवस फिरायला निघालेल्या माणसाच्या हिशेबानं केलेली असते. दोन ड्रेस, एक टॉवेल, चपलांचा जोड, झालं. आपल्याकडच्या पोरींचा शनिवार-रविवार उलट्या दिशेनं चालतो. घरी येताना ओझं हलकं, घरून जाताना जड. तेव्हा बॅग परतीच्या ओझ्यावर निवडायची, हे मी दुकानाची पायरी चढायच्या आधीच मनाशी धरलं होतं.

तिची जुनी सॅक अकरावीपासूनची. खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून निघाला, तोही नुसता नाही, बॅगेचं कापड सोबत घेऊन. नेमका संभाजीनगर स्टेशनच्या जिन्यावर. तिथून रिक्षापर्यंत पोरीनं ती सॅक छातीशी कवटाळून नेली. रात्री फोनवर म्हणाली, “मम्मी, खांदा दुखायलाय, आता नवीन घ्यावीच लागते.” मी लग्नाआधीपासून शिलाईकाम करते. पुढच्या खेपेला ती सॅक हातात आली तेव्हा पहिल्यांदा उलटी केली. पट्टा बॅगेत जेमतेम पाव इंच आत घेतला होता, त्यावर एकच सरळ टीप, आणि आतल्या कापडाची कड उघडीच. कडेचे धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत आले होते. मग टाके धरणार कशाला? बॅग बाहेरून कितीही भारी दिसो, जीव आतल्या मायेत, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडात, आणि टाक्यांत असतो.

आधी ओझं मोजलं. कापूस वेचणीच्या वेळी बायकांच्या गाठोड्यांचं वजन करायला लटकवतात तो काटा शेजारच्या घरी होता, तो आणला. लॅपटॉप चार्जरसकट सव्वादोन किलो. पीठ तीन किलो. चटण्या, लोणचं, तूप, धपाटे डब्यांसकट दोन किलो. कपडे दीड किलो आणि भरलेली पाण्याची बाटली एक किलो. सगळं मिळून पावणेदहा किलो, त्यात बॅगेचं स्वतःचं वजन वेगळं. पोरगी अठ्ठेचाळीस किलोची. सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. ती आता शाळकरी नाही, अंगानं वाढलेली आहे, हे खरं. पण एक अंदाज म्हणून तो आकडा समोर ठेवला, तर आपण लेकीच्या पाठीवर त्याच्या दुप्पट लादतोय हे लख्ख दिसलं.

म्हणून पहिला निर्णय बॅगेचा झालाच नाही, पिठाचा झाला. ज्वारी महिनोन् महिने टिकते, पीठ मात्र काही आठवड्यांत कडवट व्हायला लागतं. ओळखीच्या टेम्पोतून ज्वारीचा एक कट्टा रूमवर पोचता केला. आता त्या पोरी लागेल तशी जवळच्या गिरणीतून दळून आणतात. तीन किलो तिथेच उतरले. बॅग घ्यायला निघालेल्या प्रत्येक आईला मी हेच सांगेन, की आधी बॅगेतून काय काढता येतं ते बघा. मोठी बॅग घेतली की ती भरलीच जाते.

मग जागा मोजली. बॅगेच्या बिल्ल्यावर लिटर लिहिलेले असतात आणि बहुतेक लोक आकडा वाचून मान डोलावतात. हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि १००० नं भागायचं. पलंगावर कपड्यांची घडी रचली: ४० × २५ × १५, म्हणजे १५ लिटर. लॅपटॉप आणि वह्या मिळून ६. खाण्याचे डबे शेजारी शेजारी लावून १० च्या आसपास. एकूण ३१ लिटर. इथेच एक गोष्ट कळली. गोल स्टीलचे डबे आडव्या रांगेत लावले की मधल्या फटी वाया जातात. चौकोनी, घट्ट झाकणाचे डबे घेतले तर तेच सामान बरंच कमी जागेत बसतं. स्टीलच्या डब्यांवर माझा जीव आहे, तरी प्रवासापुरते मी ते बाजूला ठेवले.

आता बॅग कुठल्या जातीची घ्यायची? मुलीच्या बाबांना चाकांची ट्रॉली हवी होती. त्यांचा जीव लेकीच्या खांद्यांत अडकलेला, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं आणि रस्ता डोळ्यांपुढे आणून पाहिला. सेलूला घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ही माती चाकाला चिकटली की चाक फिरत नाही, नुसतं घासतं. पुढे स्टेशनचा जिना. पुढे जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, तिथे ट्रॉली उभी कुठे करायची? संभाजीनगरला उतरून शेअर रिक्षा, आणि मकई दरवाज्यापलीकडच्या बोळांतून रूमपर्यंत पायी. या सगळ्या वाटेत चाकं चालतील असा सपाट तुकडा फार थोडा. शिवाय केबिन साइझची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची. म्हणजे पीठ काढून वाचवलेलं वजन परत चाकं आणि दांड्यात घालायचं. ट्रॉली नको हे त्यांनाही पटलं.

डफल, म्हणजे एका खांद्यावर तिरपी अडकवायची लांबट बॅग, दिसायला सगळ्यात देखणी आणि वजनाला हलकी. लेकीचा डोळा तिच्यावरच होता. एखाद्या लग्नाला वगैरे जायला ती चांगलीच. पण सहा-सात किलो एका खांद्यावर घेऊन गर्दीत उभं राहायचं म्हणजे अंग एकीकडे झुकतं, आणि बॅग बाजूला आडवी लोंबकळत असल्यानं येणारा-जाणारा तिला धडकतो. दोन्ही हात मोकळे राहतील आणि गाडीत चढताना दांडा धरता येईल, अशी बॅग पाठीवरचीच. फक्त कॉलेजच्या सॅकसारखी वरून उघडणारी नको. वरून उघडली की तळातला ड्रेस काढायला सगळा शिधा बाहेर. आम्हाला हवी होती सुटकेससारखी तीन बाजूंनी चेन फिरून पुस्तकासारखी उघडणारी. हल्ली अशा पाठीवरच्या बॅगा मिळतात, दुकानदार त्यांना ‘ओव्हरनाइटर’ किंवा ‘ट्रॅव्हल बॅकपॅक’ म्हणतात.

रेल्वेच्या नियमाची धास्ती घ्यायचं कारण नाही. सेकंड क्लासला ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं, आणि सोबत न्यायच्या ट्रंक-सुटकेसचं बाहेरचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत चालतं. खरी अडचण एसटीत. सीटच्या वरच्या फळीत बॅग सरकवायची तर तिची जाडी वीतभराच्या आत हवी. फुगलेली बॅग तिथे जात नाही, मग ती मांडीवर घ्यावी लागते, नाहीतर पायात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या पोरी एसटीनंही पुष्कळ ये-जा करतात, त्यामुळे हे माप मी पक्कं लक्षात ठेवलं. जाडी २२ सेंटिमीटर, त्याहून एक बोटही जास्त नको.

आणखी एक माप होतं, पोरीच्या पाठीचं. ब्लाउजला घेतो तशी पाठीची उंची. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावला. सोळा इंच भरली. बॅग यापेक्षा थोडी लांब चालते, फार लांब झाली की तळ कमरेखाली जाऊन चालताना मांड्यांवर आपटतो. अंगाला बसेल असं माप कपड्याला बघतो आणि बॅगेला कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाठदुखी पुढे तिचीच असते.

एवढी मापं कागदावर लिहून दुकानं बघायला लागलो. सेलूत शाळेची दप्तरं मुबलक, पुस्तकासारखी उघडणारी एकही नव्हती. परभणीला गांधी पार्कच्या भागात बऱ्याच बघितल्या. शेवटी संभाजीनगरला लेकीसोबत पैठण गेट आणि गुलमंडीकडची दुकानं पालथी घातली. स्कायबॅग्ज, सफारी, अमेरिकन टूरिस्टर, वाइल्डक्राफ्ट, सगळं डोळ्यांखालून गेलं. त्यांच्या बिल्ल्यांची हुबेहूब नक्कल लावलेला मालही दिसला. मी बिल्ला बघतच नव्हते. बॅग हातात आली की सगळ्या चेनी उघडायच्या आणि बॅग उलटी करायची. एक दुकानदार म्हणाले, “ताई, काय बघायलात एवढं आतून? वरून बघा की, काय भारी पीस आहे.” मी म्हटलं, “दादा, तुटते ती आतूनच.” मग त्यांनीच हौसेनं एकेक बॅग आतून दाखवायला काढली. चांगला माणूस.

आतून काय बघायचं ते नीट सांगते, कारण सगळा जीव इथेच आहे. पहिलं, पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती जागा. पट्टा शिवणीच्या आत चांगला इंचभर गेलेला हवा, आणि त्यावर चौकोन घालून मध्ये फुली मारलेली टीप, नाहीतर खूप जवळजवळ मारलेले आडवे दाट टाके हवेत. पट्टा मागून जोरात ओढून बघायचा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा सुईची भोकं ताणून लांबट झाली, तर ती बॅग ठेवून द्यायची. दुसरं, आतल्या कडा. प्रत्येक शिवणीच्या कडेवर पट्टी घालून ती बंद केलेली हवी, आम्ही त्याला पायपिंग म्हणतो. कड उघडी असेल तर आज नाहीतर उद्या धागे सुटणारच. तिसरं, अस्तर. ते सैल असेल तर चेनीत अडकतं, आणि एकदा अडकलं की पोरं हिसका देतात.

चेनीचं वेगळंच. चेन उघडा-लावायला जो सरकवतो त्या रनरच्या मागच्या बाजूला कितीतरी वेळा आकडा असतो: ५, ८, १०. चेन लावल्यावर दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० ची हवी, ५ ची छोट्या खिशाला ठीक. आणि चेन नेहमी भरलेल्या बॅगेवर लावून बघायची. मी सोबत दोन चादरी नेल्या होत्या. बॅगेत कोंबल्या आणि कोपऱ्यावरून रनर एका हातानं फिरतो का ते बघितलं. कोपऱ्यावर अडखळणारी चेन पुढे तिथूनच फाकते. चेन खराब झाली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दात शाबूत असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकासा दाबला तर काही दिवस निभावतं, आणि नवा रनर थोडक्या पैशांत बसतो. चेन फेकायची गरज नसते.

कापडावर ‘६०० डी’, ‘१६८० डी’ असे आकडे असतात. डी म्हणजे डेनियर. त्या धाग्याचे ९००० मीटर काट्यावर ठेवले तर जितके ग्रॅम भरतील तितके डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. पण जाड धागा विरळ विणला तर काय उपयोग? म्हणून मी कापड उजेडासमोर धरलं, नखानं घासून बघितलं. आतल्या बाजूला पाणी अडवायला पीयूचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा, पातळ थर असतो. तो बॅग नवी असतानाच चुरगळल्यावर सोलून निघत असेल तर पहिल्या पावसाळ्यातच कळेल. आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय म्हणून लॅपटॉप निर्धास्त ठेवायचा नाही. कापड पाणी अडवतं, सुईची भोकं आणि चेन अडवत नाहीत. तळाच्या खिशात पावसाचं वेगळं आवरण असेल तर उत्तम.

लॅपटॉपचा कप्पा तळापर्यंत गेलेला नसावा. तळापासून दोन बोटं वर लटकलेला हवा, म्हणजे बॅग धपकन खाली ठेवली तरी मार लॅपटॉपला बसत नाही. हे कितीतरी बॅगांत नव्हतं.

रंगावरून आमचं थोडं झालं. तिला काळी हवी होती. काळ्या रंगावर आपल्याकडची धूळ लगेच दिसते, आणि उन्हात उभ्या एसटीत काळी बॅग तापते. एप्रिल-मेमध्ये तूप एरवीही पातळ होऊन झाकणाच्या फटीतून वाट काढतं. ती म्हणाली, “मम्मी, वापरणार मीच आहे ना?” तेही खरंच. शेवटी गडद निळी ठरली, दोघींच्या मनासारखी. मनाला न आवडणारी बॅग पोरं रूमवर टाकून देतात आणि परत हातात पिशव्या येतात, तेव्हा तिच्या आवडीला मी मान दिलाच पाहिजे होता.

जी घेतली तिची आतली मापं ५० × ३२ × २२, म्हणजे ३५ लिटर. बिल्ल्यावर ४० लिहिलंय, बाकीचे बाहेरच्या खिशांचे. रिकामी किलोभराची. छातीवरून जोडायचा पट्टा आहे, त्यानं खांद्याचे पट्टे बाजूला घसरत नाहीत, पाठीला चिकटून एक गुप्त खिसाही आहे. किंमत घासाघीस करून दोन हजारांच्या आत. तारखेचं, शिक्क्याचं बिल मागून घेतलं, वॉरंटी त्याच्याशिवाय नुसता कागद. त्यावरचा मजकूर लेकीकडून मोठ्यानं वाचून घेतला: बनवतानाचा दोष असेल तर दुरुस्त करून देणार, वापरून झिजलं त्याची जबाबदारी नाही.

ओळखीतल्या बायका विचारतात, तू शिवणारी बाई, घरीच का नाही शिवलीस? मनात आलं होतं. पण खांद्याचा पट्टा, फोम, कापड, अस्तर आणि पायपिंग एवढे थर घरच्या मशीनच्या सोळा नंबरच्या सुईला पेलत नाहीत. सुई वाकते, टाके गाळते. पट्ट्याला जे दाट आडवे टाके लागतात त्याचं मशीनच वेगळं असतं, धागाही जाड नायलॉनचा. ज्या जोडावर लेकीचं सगळं ओझं राहणार तो मी कच्चा कसा ठेवू? त्यामुळे बॅग विकतची, आणि आतली शिध्याची थैली माझ्या हातची.

ही थैली हवीच होती. तेल आणि तूप एकदा फोमच्या बॅगेत उतरलं की धुऊन वास जात नाही. साध्या रेक्झिनच्या पिशव्यांना तळाशी शिवण असते आणि तेल नेमकं सुईच्या भोकांतून झिरपतं. म्हणून मी तळाला शिवण येऊच दिली नाही. रेक्झिनचा एकच अखंड तुकडा घेतला, चारी बाजू वर उचलल्या, कोपरे न कापता पाकिटासारखे दुमडले आणि फक्त वरच्या काठाशी टाचले. काठावर छत्रीच्या कापडाचा गळा लावून त्यात नाडी ओवली. आत लोणचं सांडलं तरी ते थैलीतच राहतं, थैली बाहेर काढून साबणानं पुसली की झालं. धपाटे मात्र पूर्ण गार करून सुती कपड्यात बांधायचे आणि मगच आत ठेवायचे. गरम ठेवले की वाफ धरून संध्याकाळपर्यंत वास मारतात.

भरायची पद्धतही ठरवून दिली. लॅपटॉप आणि वह्या पाठीशी. खाली कपडे, कारण ते हलके. त्यांच्यावर, पाठीला शक्य तितकी चिकटून, शिध्याची थैली. जड सामान पाठीपासून लांब गेलं की ते मागे ओढतं आणि माणूस पुढे वाकून चालतो. खाली तळाशी गेलं तर कमरेवर येतं. हँडलला ब्लाउजच्या कापडाची लाल पट्टी शिवून टाकली, फळीवर चार निळ्या बॅगा असल्या तरी आपली पटकन दिसावी म्हणून.

पावसाळा या बॅगेनं काढला, आवरण उपयोगी पडलं. बाटलीचा बाजूचा खिसा उथळ आहे, बॅग आडवी केली की बाटली निसटते. त्याला वरून इलॅस्टिकची पट्टी लावायची आहे. धुताना बॅग मशीनमध्ये टाकू नका, आतला थर सुटतो. मऊ ब्रशनं, थोड्या साबणानं, आणि सावलीत उलटी टांगून वाळवायची.

रूमवरच्या जिंतूरच्या मुलीच्या आईनं थैलीचं माप मागवलंय. ते इथेच देऊन ठेवते: तयार थैली १२ इंच लांब, ६ इंच रुंद, ९ इंच उंच. त्यासाठी रेक्झिन ३० बाय २४ इंच, शिवाय काठ दुमडायला चारी बाजूंनी अर्धा इंच माया. गळ्याचं कापड ६ इंच उंच पुरतं. रेक्झिनला टाचण्या लावू नका, भोकं राहतात, कपड्यांचे चिमटे लावून दुमड धरा.